अदृश्य संकटाची आगाऊ वर्दी

टोळधाड दुरून दिसते, गारांचे ढग अनुभवी शेतकरी ओळखतो. परंतु किरणोत्सर्गी धूळ डोळ्यांस दिसत नाहीं, तिला वासहि नाहीं, आणि तरी ती पावसाबरोबर थेट कुरणांत उतरते. या संकटाची वर्दी वेळेवर कशी मिळवावी, याचा जर्मनीनें घेतलेला अनुभव आमच्या वाचकांनीं समजून घेण्यासारखा आहे.

ता. २६ एप्रिल १९८६ रोजीं युक्रेनमधील चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. जगास ही वार्ता कळली ती दोन दिवसांनीं. सुमारें १,१०० किलोमीटर दूर, स्वीडनमधील फोर्समार्क वीजकेंद्रांत, एका कामगाराच्या जोड्यांवर ती धूळ आढळली तेव्हां. पुढें दक्षिण जर्मनींत पाऊस पडला आणि बव्हेरियाचीं कुरणें दूषित झालीं. दूध विकावें कीं ओतून द्यावें? संघसरकारच्या तज्ज्ञांनीं दुधांतील किरणोत्सर्गी आयोडिनाची मर्यादा लिटरास ५०० बेकरेल ठरविली, तर हेसे प्रांतानें अवघी २०. एकाच देशांत दोन मापें झाल्यावर शेतकऱ्यानें विश्वास ठेवावा तरी कोणावर?

या गोंधळांतून धडा घेऊन त्याच वर्षाच्या अखेरीस तेथें कायदा झाला आणि मापन व मर्यादा ठरविण्याचें काम मध्यवर्ती सत्तेकडे आलें. आज त्या देशांत सुमारें १,७०० मापकें जमिनीपासून एक मीटर उंचीवर अहोरात्र नोंद घेत असतात. त्यांतहि एक मौज आहे. हवेंतील नैसर्गिक रेडॉनपासून झालेलीं द्रव्यें पावसानें खालीं येतात आणि मापकाचा आंकडा कांहीं वेळ वाढतो. म्हणून आंकड्याशेजारीं पर्जन्याची नोंद नसेल, तर साध्या सरीनेंहि खोटी हांकाटी व्हावयाची.

जुन्या गायगर मापकाचें मुख्य न्यून असें कीं, तें किरणोत्सर्ग किती हें सांगतें, परंतु कोणत्या द्रव्याचा हें सांगत नाहीं. द्रव्य ओळखणारीं वर्णपटमापक यंत्रें जोडणें, हेंच सुधारणेचें मर्म होय. आयोडिन-१३१ आठ दिवसांत निम्में होतें. तेव्हां गाई गोठ्यांत बांधून सांठविलेली वैरण घातली व दुधाचें चीज करून ठेवलें, तर बरेंच नुकसान टळतें. सीझियम-१३७ निम्मे होण्यास मात्र तीस वर्षें लागतात. तेथें पीक व कुरण यांचाच फेरविचार करावा लागतो. रोग न ओळखतां औषध देतां येत नाहीं, तसेंच हें आहे.

हा प्रश्न आम्हांस परका नाहीं. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ पासून आपल्याच किनाऱ्यावर आहे, आणि भाभा अणुसंशोधन केंद्रानें देशांत मापकांचें जाळेंहि उभारलें आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, यंत्रें सुधारतांना त्यांची वर्दी गोठ्यापर्यंत पोंचविण्याची वाटहि सुधारावी. गुरें आंत घ्यावीं कीं नाहीं, विहीर झांकावी कीं नाहीं, हें शेतकऱ्यास त्याच्याच भाषेंत, एकाच मुखानें आणि पाऊस पडण्यापूर्वीं कळलें पाहिजे. उशिरा आलेली खरी वार्ता शेतकऱ्याच्या कांहींच उपयोगाची नसते.