राइकमन बंधूंचा कारोबार : उभा कसा राहिला, विखुरला कसा

कॅनडातील टोरांटो शहरात १९५० च्या दशकात परदेशातून आलेल्या एका कुटुंबाने फरशी आणि भिंतीच्या टाइल्स मागवून विकण्याचा धंदा सुरू केला. पुढे तीस-पस्तीस वर्षांत हेच कुटुंब टोरांटो, न्यूयॉर्क आणि लंडन या तिन्ही शहरांत कचेऱ्यांच्या टोलेजंग इमारतींचे मालक झाले. जगात त्यांच्याइतका मोठा खासगी बांधकाम कारोबार दुसऱ्या कुणाचा नव्हता असे त्या काळी म्हटले जाई. आणि १४ मे १९९२ रोजी याच कंपनीला धनकोंपासून संरक्षण मागण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. कंपनीचे नाव ऑलिम्पिया अँड यॉर्क आणि कुटुंब राइकमन.

आमच्या ओळखीतले अनेक व्यापारी बांधव आज कापड, सूत, लाकूड किंवा भंगाराच्या धंद्यात चार पैसे जमले की गाळे बांधायला किंवा बुक करायला निघतात. भाऊभाऊ मिळून पैसा घालतात. म्हणून या कुटुंबाचा हिशेब जरा सविस्तर सांगावा असे आम्हांला वाटले. बुडण्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकायला मिळतात, पण हे लोक उधळे नव्हते, लबाड नव्हते आणि त्यांनी बांधलेल्या इमारती वाईट नव्हत्या. तरीही कंपनी गेली.

या भावांचे वडील सॅम्युअल राइकमन हे हंगेरीतील बेलेड गावचे, अंड्यांचे घाऊक व्यापारी. धर्मनिष्ठ ज्यू घराणे. धंद्यासाठी ते व्हिएन्नाला गेले. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या हाती पडल्यावर पॅरिसला आणि १९४० मध्ये तेथूनही पळून मोरोक्कोतील टँजियर शहरात आले. टँजियर तेव्हा स्पेनच्या ताब्यात होते. अंडी विकणाऱ्या सॅम्युअल यांनी तेथे नाणेबदलीचा धंदा केला आणि त्यात नाव कमावले. मुले मोठी झाली तशी एकेक कॅनडाकडे निघाली. पाच भावांपैकी अल्बर्ट, पॉल आणि राल्फ हे तिघे पुढे टोरांटोच्या कारोबारात राहिले.

टाइल्सच्या धंद्यातून बांधकामाचा धंदा कसा निघाला, त्याचा किस्सा व्यापाऱ्याला चटकन पटेल असा आहे. मालासाठी गोदाम हवे होते. कंत्राटदारांकडून भाव मागवले. सर्वांत कमी भाव आला १,२५,००० डॉलर. पॉल यांना तो जास्त वाटला. त्यांनी स्वतः उभे राहून गोदाम बांधून घेतले, तेव्हा खर्च आला ७०,००० डॉलर. मग इतरांसाठी गोदामे, कारखान्याचे गाळे आणि कचेऱ्या बांधणे सुरू झाले. काम वेळेत आणि ठरल्या भावात होई. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांच्या साइटवर हातोडी वाजत नसे, कारण तो त्यांच्या धर्मातील सुट्टीचा दिवस. एवढा खाडा असूनही मुदत पाळली जाई. हस्तांदोलन करून दिलेला शब्द हाच करार, अशी त्यांची साख बाजारात झाली.

१९६५ मध्ये न्यूयॉर्कचे नामांकित बिल्डर विल्यम झेकेनडॉर्फ यांची कंपनी दिवाळ्यात गेली. टोरांटोतील फ्लेमिंगडन पार्क ही त्यांची मोठी जमीन राइकमन बंधूंनी घेतली. दुसरा कर्जात बुडाला की त्याचा माल उचलायचा, हे सूत्र तेथून पक्के झाले. १९७५ मध्ये टोरांटोत फर्स्ट कॅनेडियन प्लेस हा ७२ मजली मनोरा उभा राहिला. तो त्या वेळी कॅनडातील सर्वांत उंच होता.

या धंद्यात पैसा कसा फिरतो तेही येथे सांगितले पाहिजे. कचेऱ्यांची इमारत ही दुकानातल्या ठाणासारखी विकून मोकळी व्हायची वस्तू नसते. ती भाड्याने जाते, तेही दहा-वीस वर्षांच्या करारावर. मोठी बँक किंवा विमा कंपनी भाडेकरू म्हणून मिळाली की त्या भाडेकराराच्या जोरावर दुसरी बँक इमारत गहाण घेऊन कर्ज देते. पाच-सात वर्षांत भाव वाढला की त्याच इमारतीवर वाढीव कर्ज निघते. जुने फेडून जे उरते ते पुढच्या इमारतीचे भांडवल. इमारत विकायची नाही, कर भरायचा प्रसंग नाही, भागीदार घ्यायचा नाही. बाजार चढता असेल तोवर ही विहीर आटत नाही.

१९७७ मध्ये त्यांनी फार मोठा सौदा केला. न्यूयॉर्क शहर तेव्हा स्वतःच दिवाळखोरीच्या काठावरून परत आले होते आणि तेथे इमारत घ्यायला कुणी धजत नव्हते. युरिस घराण्याने बांधलेल्या आठ इमारती राइकमन बंधूंनी सुमारे ३२ कोटी डॉलरला घेतल्या. पदरचे पैसे थोडे, बाकी सगळे गहाणकर्ज. दहा वर्षांच्या आत त्यांची किंमत कित्येक पटींनी वाढली. पुढे १९८० मध्ये मॅनहॅटनच्या टोकाला हडसन नदीत भर घालून काढलेल्या जागेवर वर्ल्ड फिनान्शियल सेंटर बांधायचे काम त्यांना मिळाले. भाडेकरू यायला तयार नव्हते, तर त्यांच्या जुन्या जागेची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेऊन त्यांना आणले. अमेरिकन एक्सप्रेस आणि मेरिल लिंच यांच्यासारखी नावे तेथे आली. सगळे जग वेड्यात काढत असताना घेतलेला सौदा सोने झाला, आणि असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी मग कुणाचे ऐकायचे?

या सोन्यातून निघालेले पैसे दुसरीकडे वळले. १९८१ मध्ये अबिटिबी-प्राइस ही कागदाची कंपनी, १९८५ मध्ये गल्फ कॅनडा ही तेलाची कंपनी. रॉबर्ट कँपो या बिल्डरने अमेरिकेतील ब्लूमिंगडेल्ससारखी मोठी कपड्यांची दुकाने कर्जावर खरेदी केली, त्यालाही यांनी मोठी रक्कम दिली. कँपोची दुकाने जानेवारी १९९० मध्ये दिवाळ्यात गेली. आम्ही कापडवाले म्हणून एवढेच म्हणू की दुकान चालवणे आणि दुकानाची जागा ओळखणे ही दोन वेगळी कामे आहेत.

आता लंडन. थेम्स नदीकाठच्या वेस्ट इंडिया गोदीत पूर्वी जहाजांचा माल उतरे. १९८० मध्ये ती बंद पडली आणि परिसर ओसाड झाला. सरकारने तेथे करसवलत देऊन नवे व्यापारी केंद्र वसवायचे ठरवले. आधीचे अमेरिकन प्रवर्तक मागे हटले आणि जुलै १९८७ मध्ये राइकमन बंधूंनी कॅनरी वॉर्फचा करार केला. सुमारे ७१ एकर जागा. तीनच महिन्यांनी, १९ ऑक्टोबर १९८७ रोजी, जगभरचे शेअरबाजार कोसळले. काम थांबले नाही. १९९१ मध्ये पन्नास मजली मनोरा उघडला तेव्हा तो ब्रिटनमधील सर्वांत उंच इमारत होता.

पण लंडनच्या जुन्या व्यापारी पेठेतून तेथे जायचे कसे? नवी छोटी रेल्वे होती, ती अपुरी. भुयारी रेल्वेची ज्युबिली लाइन तेथवर यावी म्हणून कंपनीने स्वतः ४० कोटी पौंड देण्याचे कबूल केले. बिल्डरने रेल्वेला पैसे द्यायचे, असा हा सौदा. दरम्यान जुन्या पेठेतल्या बांधकामावरचे निर्बंध सैल झाले, तेथेही भराभर नव्या कचेऱ्या उठल्या, मग १९९० पासून मंदी आली आणि लंडनमध्ये जागाच जागा झाली. मनोऱ्याचे अनेक मजले रिकामे राहिले. न्यूयॉर्क आणि टोरांटोतही भाडी त्याच सुमारास उतरली. तीन शहरांत मालमत्ता असली की एका ठिकाणचे नुकसान दुसरीकडे भरून निघते असा हिशेब होता. मंदीने तिन्ही शहरे एकदम धरली.

तरीही आमच्या मते केवळ मंदीने कंपनी गेली नाही. मंदीत इमारत पडून राहते, मरत नाही. कंपनीचा जीव अडकला होता तो मुदतीत. गहाणकर्जाच्या जोडीला त्यांनी बाजारात अल्पमुदतीच्या वचनचिठ्ठ्या विकल्या होत्या. तिकडे त्याला कमर्शियल पेपर म्हणतात. आपल्या हुंडीची ती बहीण समजा. तीस, साठ, नव्वद दिवसांची मुदत, व्याज कमी. मुदत भरली की जुनी फेडायची आणि त्याच दिवशी नवी विकायची. इमारत पैसे देणार वीस वर्षांत आणि चिठ्ठीवाला दारात उभा साठ दिवसांनी. नवी चिठ्ठी घेणारा आहे तोवर सगळे ठीक. फेब्रुवारी १९९२ मध्ये पत ठरवणाऱ्या संस्थेने दर्जा खाली आणला आणि घेणारे मागे सरले. मार्चमध्ये कंपनीला बँकांसमोर कर्जाची फेररचना करा म्हणून बसावे लागले.

हे वाचताना आम्हांला आमचीच गोष्ट आठवते. २००७ मध्ये आम्ही भिवंडीच्या एका नव्या इमारतीत दोन गाळे बुक केले. पैसे होते सूतवाल्याचे. त्याची साठ दिवसांची उधारी, माल विकून पैसा हाती आलेला, तो आम्ही गाळ्यात घातला. मनात हिशेब असा की पुढची खेप येईल आणि तिच्यातून मागची फेडू. पुढच्या वर्षी बाजार बसला, सूतवाल्याने खेप थांबवली. गाळे चांगले होते, आजही चांगले आहेत, फक्त त्यांतला एक आता आमचा नाही. घाईत विकताना भाव घेणारा ठरवतो. मोठे बंधू तेव्हा एकच वाक्य बोलले, "दुकानाचा पैसा भिंतीत गेला." त्यांना न विचारता आम्ही सही केली होती, म्हणून उत्तर द्यायला तोंड नव्हते.

राइकमन यांच्या घरातही विचारणारा कुणी होता असे दिसत नाही. कंपनी खासगी, शेअर घराबाहेर गेलेले नाहीत, त्यामुळे जमाखर्च छापायचे बंधन नव्हते. बँकांनीही मागितला नाही. ज्या साखेवर त्यांनी धंदा वाढवला, त्याच साखेने चोपडी झाकली. प्रत्येक बँकेला आपल्या इमारतीचा कागद माहीत, पूर्ण कर्ज किती हे कुणालाच माहीत नाही. मोठे निर्णय मुख्यतः पॉल यांचे, आणि त्यांचा अंदाज पूर्वी इतक्या वेळा खरा ठरला होता की नाही म्हणणारा स्वतःच खोटा पडे. शिवाय लंडनसाठी पैसा लागला तेव्हा तेल आणि कागदाच्या कंपन्यांचे शेअर तारण ठेवले गेले. त्या शेअरचे भाव उतरले तसे तारण तुटले. एका खोलीची आग दुसरीत जाऊ नये म्हणून मध्ये भिंत हवी, ती भिंत यांनीच काढली होती.

चोपड्या उघडल्या तेव्हा कर्जाचा आकडा २० अब्ज डॉलरच्या घरात निघाला आणि धनको बँका शंभराच्या आसपास. १४ मे रोजी कॅनडात अर्ज झाला आणि महिनाअखेर कॅनरी वॉर्फ प्रशासकांच्या ताब्यात गेले. वाटणी झाली ती भावाभावांत नव्हे, बँकाबँकांत. ज्याच्याकडे ज्या इमारतीचा कागद, ती त्याच्या वाट्याला. न्यूयॉर्कच्या इमारतींची नवी कंपनी झाली आणि तिची सूत्रे पुढे टोरांटोच्याच ब्रुकफील्ड समूहाकडे गेली. वर्ल्ड फिनान्शियल सेंटरचे नाव आता ब्रुकफील्ड प्लेस आहे.

पॉल राइकमन मात्र स्वस्थ बसले नाहीत. १९९५ मध्ये सौदी राजपुत्र अलवलीद बिन तलाल आणि अन्य गुंतवणूकदारांना बरोबर घेऊन त्यांनी कॅनरी वॉर्फ बँकांकडून सुमारे ८० कोटी पौंडांना परत घेतले. या वेळी ते मालक नव्हते, छोटे भागीदार होते. १९९९ मध्ये ज्युबिली लाइन तेथे पोहोचली आणि मोठमोठ्या बँकांनी कचेऱ्या हलवल्या. म्हणजे जागेचा अंदाज बरोबर होता, फक्त सात-आठ वर्षे आधीचा. २००४ मध्ये दुसऱ्या गुंतवणूकदारांनी कंपनी ताब्यात घेतली आणि पॉल यांच्या हातून ती दुसऱ्यांदा गेली. २०१५ मध्ये ती कतारच्या सरकारी गुंतवणूक संस्थेने आणि ब्रुकफील्डने मिळून घेतली. पॉल २०१३ मध्ये वारले, अल्बर्ट २०२२ मध्ये.

आणि ज्या टाइल्सच्या गोदामापासून हे सगळे सुरू झाले, तो धंदा राल्फ पाहत असत. १९९२ च्या पडझडीत तो बुडाला नाही.