पांढरी वाइन, भरीत आणि शुगरची गोळी

रेल्वेतून निवृत्त झालेले आमच्या भुसावळातले एक गृहस्थ माझे जुने रुग्ण आहेत. मधुमेह बारा वर्षांचा, जेवणाआधी रोज गोळी. गेल्या थंडीत त्यांचा नाशिकचा भाचा पांढऱ्या वाइनची बाटली घेऊन आला. "मामा, ही काही दारू नाही, द्राक्षाचाच रस आहे," असे त्याचे म्हणणे. मामांनी नेहमीप्रमाणे संध्याकाळी गोळी घेतली. भरिताची वांगी अंगणात पऱ्हाट्यांवर अजून भाजायचीच होती. तोवर गप्पांत अडीच ग्लास झाले.

नऊच्या सुमारास मामा बरळू लागले. घरच्यांना वाटले, चढली, झोपू द्या. काकूंनी मात्र कपाळाला हात लावला, तो थंडगार घाम! त्यांनी मला बोलावले. रक्तातील साखर फक्त ४२ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत मामांनी डोळे उघडले आणि विचारले, "भरीत झालं का?"

वाचकहो, ही वाइन आहे तरी काय, ते आधी पाहू. नाशिकला तयार होणाऱ्या पांढऱ्या वाइनपैकी शेनिन ब्लाँ ही द्राक्षाची जात मूळची फ्रान्समधील लोआर नदीच्या खोऱ्यातली. तेथील वूव्रे गावची वाइन याच द्राक्षाची. सोव्हिन्यों ब्लाँ ही दुसरी जातही फ्रान्सचीच. नाशिकच्या सुला कंपनीने २००० साली पहिल्यांदा वाइन बाजारात आणली, ती या दोन जातींची. पांढरी वाइन करताना रस काढून साली लगेच बाजूला करतात. त्यामुळे तांबड्या वाइनचा तुरटपणा तिच्यात फारसा येत नाही, आंबटपणा मात्र चांगला असतो.

लोआरकाठचे लोक ती मासे आणि बकरीच्या दुधाच्या चीजबरोबर घेतात. त्यात गूढ काही नाही. आपण तळलेल्या माशावर लिंबू पिळतो, त्यातलाच हा प्रकार. आंबटपणाने तेलकट, स्निग्ध चव हलकी वाटते. त्या हिशेबाने तापीच्या तळलेल्या माशाशी किंवा भज्यांशी ती जुळेल. भरितातल्या भाजलेल्या वांग्याच्या धुरकट चवीशीही जमावे. शेवभाजीच्या लाल तर्रीशी मात्र नाही, कारण मद्यार्काने तिखटाची आग वाढते. तिखट जेवणाबरोबर थोडी गोडसर शेनिन बरी, असे जाणकार सांगतात. माझे विचाराल तर शेवभाजीला ताकच उत्तम, तिखट शमवण्याचे काम दुधातली प्रथिने करतात.

पण चव जुळली म्हणजे प्रकृतीला मानवली, असे नाही. पांढऱ्या वाइनमध्ये साधारण साडेबारा टक्के मद्यार्क असतो. दीडशे मिलिलिटरच्या एका ग्लासात जेवढा मद्यार्क जातो, तेवढाच व्हिस्कीच्या दीड लहान पेगात असतो. म्हणजे मामांनी पावणेचार पेग घेतले होते. स्वतःला न पिणारा समजणारा माणूस असा फसतो. वाइन हृदयाला चांगली, हे नव्वदच्या दशकात फार ऐकू येई, तेही तांबड्या वाइनबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की, मद्याचे कोणतेही प्रमाण प्रकृतीला निर्धोक नाही.

आता मामांना काय झाले? आपण उपाशी असलो की यकृत रक्तात साखर सोडत राहते. साठा संपत आला की नवीन साखर तयार करते. मद्यार्क पोटात गेला की यकृत तो निकाली काढण्यात गुंतते आणि नवी साखर करण्याचे काम मंदावते. इकडे ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी इन्शुलिन वाढवून साखर उतरवतच असते. इन्शुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हाच धोका. पोटात भाकरीचा तुकडाही नसेल तर साखर झपाट्याने खाली येते. घाम, थरथर, अडखळते बोलणे, विचित्र वागणे ही लक्षणे चढलेल्या माणसासारखीच दिसतात, आणि तोंडाला वास असला की कुणाला शंकाही येत नाही.

म्हणून मधुमेहाची गोळी वा इन्शुलिन घेणाऱ्याने वाइनच्या बाटलीपासून दूरच राहावे. तरीही कुणी घेतली आणि वर सांगितल्यासारखे दिसले, तर 'झोपू द्या' म्हणू नका. साखर मोजा. मोजता येत नसेल तर माणूस शुद्धीवर असताना लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, मग पोळी-भाकरी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा. एकदा सावध झाला म्हणून लगेच घरी आणू नका. या गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते. मामांना मी त्या रात्री आणि दुसरा पूर्ण दिवस दवाखान्यातच ठेवले होते. भरीत काकूंनी डब्यातून आणले.