लिपी कोणाची? राजाची की साधूची?

जुलै २०२१ मध्ये भारताने जॉर्जिया देशाला एक आगळी भेट दिली. १६२४ मध्ये इराणातील शिराझ येथे धर्मांतराला नकार देऊन प्राण देणाऱ्या राणी केतेवानच्या अस्थींचा तो अंश होता. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत त्या अस्थी सापडल्या होत्या. काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्या कुशीतला हा चिमुकला देश आपल्याला माहीत झाला तो बहुधा अशाच एखाद्या बातमीतून. पण खुद्द जॉर्जियाच्या माणसाला देशाबद्दल बोलते करा. राणीच्या आधी तो आपल्या लिपीचा विषय काढील!

ही लिपी आहेच तशी देखणी. द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखी गोल, वळणदार अक्षरे. आज त्यात ३३ अक्षरे आहेत. देवनागरीप्रमाणे तिलाही लहान-मोठ्या अक्षरांचा भेद ठाऊक नाही. मात्र ती पहिल्यांदा कोणी घडवली, हा प्रश्न निघाला की जॉर्जिया आणि शेजारचा आर्मेनिया यांच्यात हमखास वाद जुंपतो.

जॉर्जियाचे म्हणणे लेओंती म्रोवेली या अकराव्या शतकातील इतिहासकाराच्या ग्रंथावर आधारलेले आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या फार्नवाझ राजाने राज्य एक केले आणि जॉर्जियन लेखनही सुरू केले, असे तो सांगतो. पण राजा आणि हा इतिहासकार यांच्यात चौदा शतकांचे अंतर आहे.

आर्मेनियाचा साक्षीदार बराच जवळचा. मेस्रोप माश्तोत्स या साधूने इ. स. ४०५ च्या सुमारास आर्मेनियन लिपी तयार केली. त्याचा शिष्य कोर्युन याने गुरूचे चरित्र लिहिले. माश्तोत्स जॉर्जियात गेला, जाघाय नावाच्या दुभाष्याच्या मदतीने त्याने तिथल्या भाषेसाठी अक्षरे रचली आणि बाकूर राजाने त्याला पाठबळ दिले, असे त्यात म्हटले आहे. शेजारच्या कॉकेशियन अल्बेनियन लोकांनाही त्यानेच लिपी दिली, असेही कोर्युन सांगतो. (युरोपातल्या अल्बेनियाशी या लोकांचा काही संबंध नाही.)

थोर जॉर्जियन इतिहासकार इवाने जवाखिश्विली यांना हे मुळीच मान्य नव्हते. चरित्रातला तो भाग नंतर कोणीतरी घुसडला असावा, असे त्यांचे मत होते. दुसरा आक्षेप सामान्य वाचकालाही पटण्याजोगा आहे. मराठीत ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चमचा’मधला वेगळा, पण दोन्हींना अक्षर एकच. जॉर्जियन लिपीत अशा दोन उच्चारांना स्वतंत्र अक्षरे आहेत. इतकेच नव्हे, तर त्या प्रत्येकाचा सौम्य प्रकार आणि घशातून झटका देऊन काढलेला प्रकार यांनाही वेगवेगळी अक्षरे आहेत. दुभाष्याच्या आधाराने काम करणाऱ्या परक्या माणसाला हे इतके नेमके कसे साधले असेल?

मग राजाचे नाव पक्के करायचे का? तेही सोपे नाही. जुनी राजधानी म्त्स्खेता. तिच्याजवळ आर्माझी येथे १९४० मध्ये एका थडग्यावरचा दगड सापडला. सेरापित नावाच्या, अवघ्या एकविसाव्या वर्षी वारलेल्या सरदारकन्येचा तो स्मृतिलेख. काळ इसवी सनाचे दुसरे शतक. तिच्या रूपागुणांचे कौतुक त्यावर दोन भाषांत कोरले आहे, ग्रीक आणि अरमाइक. जॉर्जियन भाषेत एक अक्षरही नाही! देशाला स्वतःची लिपी चारशे वर्षांपूर्वीच मिळाली असती, तर घरच्या लेकीचा शोक परक्या भाषांत का कोरावा लागला असता? यावर काही अभ्यासक मधला मार्ग सुचवतात. फार्नवाझने नवी अक्षरे घडवली नसतील, अरमाइक लिपीचा दरबारी वापर सुरू केला असेल आणि लोकस्मृतीत तीच ‘लिपीची निर्मिती’ ठरली असेल. हा तर्क बराच सयुक्तिक वाटतो.

शिलालेखांची साक्षही राजाच्या बाजूची नाही. बेथलेहेमजवळ बिर एल कुट येथे १९५२ च्या उत्खननात एका जॉर्जियन मठाच्या फरशीत रंगीत खड्यांनी रचलेले लेख मिळाले. त्यांतला सर्वांत जुना लेख साधारण इ. स. ४३० चा मानतात. खुद्द जॉर्जियात बोल्निसी येथील चर्चचा लेख ४९४ च्या सुमाराचा. म्हणजे सारे पुरावे देशाने चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरचे. नेक्रेसी येथील काही लेख त्याहून जुने असल्याचा दावा आहे, पण तो सर्वमान्य झालेला नाही.

भाषाशास्त्रज्ञ तमाझ गामक्रेलिद्झे हे स्वतः जॉर्जियन, पण त्यांनीही राजाची बाजू घेतली नाही. अक्षरांचा क्रम आणि त्यांचे अंकमूल्य ग्रीक वर्णमालेवरून घेतले आहे, ग्रीकमध्ये नसलेल्या ध्वनींची अक्षरे बहुतेक शेवटी जोडली आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या मते बायबलचे भाषांतर करण्याच्या गरजेतून, ग्रीक उत्तम जाणणाऱ्या कोणा जाणकाराने ही लिपी रचली. आर्मेनियन लिपीत मात्र नवी अक्षरे ग्रीक क्रमाच्या अधेमधे पेरलेली आहेत. दोन्ही लिप्या एकाच माणसाच्या असतील तर त्याने दोन पद्धती का वापराव्यात?

गंमत अशी, की कोर्युनच्या एका विधानाला जॉर्जियन संशोधकामुळेच बळ मिळाले. १९९६ मध्ये झाझा अलेक्सिद्झे यांना सिनाई येथील सेंट कॅथरिन मठातल्या जुन्या चर्मपत्रांवर, जॉर्जियन मजकुराखाली पुसट झालेला कॉकेशियन अल्बेनियन मजकूर दिसला. त्या भाषेतील सलग ग्रंथ प्रथमच हाती आला.

एवढ्या जुन्या गोष्टीवरून इतका ताप का, असे कोणी विचारील. १४ एप्रिल १९७८ रोजी तिबिलिसीच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले. सोव्हिएत राजवटीतील नव्या घटनेच्या मसुद्यातून जॉर्जियन भाषेचा राजभाषेचा दर्जा गाळण्यात आला होता. रणगाड्यांची भीती असतानाही लोक हटले नाहीत आणि सरकारला तो दर्जा कायम ठेवावा लागला. ज्यांनी भाषेसाठी एवढी जोखीम पत्करली, त्यांना ‘तुमची अक्षरे शेजाऱ्याने दिली’ हे वाक्य झोंबणारच.

२०१५ मध्ये ग्राक्लियानी टेकडीवरील उत्खननात एका प्राचीन वेदीवर ओळीने कोरलेल्या खुणा सापडल्या आणि जॉर्जियात पुन्हा उत्साहाची लाट आली. ख्रिस्तपूर्व काळातल्या या खुणा म्हणजे अक्षरे की नुसतीच नक्षी, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. त्या अजून कोणालाही वाचता आलेल्या नाहीत.