मोटारसायकलच्या चार्जिंग यंत्रणेतील बिघाड : निदानाचा क्रम

प्रस्तावना

सायकलींचे शहर ही पुण्याची जुनी ओळख. गेल्या काही दशकांत तिची जागा दुचाकींच्या शहराने घेतली. शहरातील कोणत्याही महाविद्यालयाच्या वाहनतळावर एक प्रसंग नित्याचा आहे. मोटारसायकलचे बटण दाबले जाते, आतून 'टक्' असा आवाज येतो आणि इंजिन काही फिरत नाही. 'बॅटरी गेली' असा निर्णय जागच्या जागी होतो व सायंकाळपर्यंत नवी बॅटरी बसते. अनेकदा तीन-चार आठवड्यांनी तोच प्रसंग पुन्हा घडतो, कारण बॅटरी हा वीज साठविणारा घटक आहे, निर्माण करणारा नव्हे. रिकामे पिंप बदलल्याने आटलेल्या नळाला पाणी येत नाही. वीज निर्माण होणे, तिचे नियमन होणे, ती साठविली जाणे व ती खर्च होणे या साखळीतील नेमका दोष मल्टिमीटरच्या साह्याने कोणत्या क्रमाने शोधावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बॅटरीवरील वाढते अवलंबित्व

१९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदिया उद्योगसमूहाने आणलेल्या 'लूना'ला बॅटरीची गरज नव्हती. दिव्याला वीज थेट मॅग्नेटोकडून मिळे. त्यामुळे चौकात वाहन थांबले की दिवा मंदावे आणि मूठ पिळली की उजळे. पुढे बटणाने सुरू होणारी वाहने आली आणि बॅटरी आवश्यक होऊ लागली, तरी किकचा आधार होता. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत कायम पेटता ठेवणे बंधनकारक झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर कार्ब्युरेटरची जागा इंधन अंतःक्षेपणाने घेतली. आता पेट्रोलचा पंप व नियंत्रण-संगणक हे दोन्ही बॅटरीवर विसंबून असतात. अनेक वाहनांत किकही उरलेली नाही. बॅटरी पूर्णपणे उतरली असेल तर अशा वाहनाला धक्का मारूनही उपयोग होईलच असे नाही. पूर्वी जो दोष केवळ मंद दिव्याने जाणवे, तो आज वाहन जागीच उभे करतो.

यंत्रणेची रचना

इंजिनच्या दंडावर चुंबके बसविलेले चक्र फिरते. गॅरेजमध्ये त्याला 'मॅग्नेट' म्हणतात. त्याच्या आत तांब्याच्या तारेची स्थिर वेटोळी असतात, ती 'कॉइल प्लेट'. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखविलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार त्यांत प्रत्यावर्ती धारा निर्माण होते. बॅटरीला मात्र दिष्ट धारा लागते, आणि तीही मर्यादित दाबाची. हे रूपांतर व नियमन 'आर. आर. युनिट' करते. त्यातील डायोड धारेला एकदिश करतात. पुष्कळ वाहनांत दाब ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ लागला की युनिटमधील थायरिस्टर वेटोळ्यांची टोके काही क्षण परस्परांना जोडून टाकतात. जास्तीची वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणूनच या युनिटला पन्हळी असतात व ते वारा लागेल अशा जागी बसविलेले असते. त्यावर चिखलाचा थर बसू देणे किंवा हौसेखातर ते बंद कप्प्यात हलविणे म्हणजे बिघाडाला निमंत्रण होय.

निदान : प्रथम बॅटरी

निदानाची सुरुवात बॅटरीपासूनच करावी. मात्र ती बदलण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी. रात्रभर उभ्या असलेल्या वाहनाच्या १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब १२.६ ते १२.८ व्होल्ट असेल तर ती भरलेली आहे. सुमारे १२.४ व्होल्टला ती अंशतः उतरलेली व १२ च्या खाली जवळजवळ रिकामी समजावी. परंतु हे वाचन एकटे पुरेसे नाही. बटण दाबताना दाब किती घसरतो हे पाहावे. तो साडेनऊ-दहा व्होल्टच्या वर टिकला तर बॅटरीची ताकद शाबूत आहे. विश्रांतीत १२.६ दाखवून बटण दाबताच ७-८ वर कोसळणारी बॅटरी आतून निकामी असते. ती बदलावी, पण ती कशाने निकामी झाली हा प्रश्न शिल्लक राहतोच.

उतरलेली बॅटरी बाहेरून भरून घेतल्याखेरीज पुढील कोणतेही मोजमाप करू नये. हे पथ्य सर्वाधिक मोडले जाते आणि चुकीचे निष्कर्षही बहुधा तेथूनच निघतात.

निर्णायक मोजमाप

भरलेली बॅटरी जोडून, इंजिन सुरू करून, तिच्या दोन टोकांवर मीटर लावावा. मंद गतीला दाब विश्रांतीच्या दाबाहून थोडा अधिक असावा. गती मिनिटाला ४००० ते ५००० फेऱ्यांपर्यंत नेली असता तो १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान स्थिरावला पाहिजे. नेमकी मर्यादा त्या वाहनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून घ्यावी. येथे तीन वाटा फुटतात. दाब योग्य असेल तर निर्मिती निर्दोष आहे. तो १५ च्या वर चढत असेल तर नियमन ढळले आहे. अशा वाहनात बॅटरी फुगते, दिवे वारंवार जळतात. आणि गती वाढवूनही दाब १२.५ च्या आसपास रेंगाळत असेल तर वीज निर्माण होत नाही किंवा बॅटरीपर्यंत पोहोचत नाही. या दोन शक्यतांतील फरक न ओळखता नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारात जाणे म्हणजे खर्चाचा जुगार.

या चाचणीच्या वेळी काही जण इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहतात. 'इंजिन चालू राहिले, म्हणजे चार्जिंग आहे' असा त्यामागील तर्क. ही पद्धत संगणक-नियंत्रित वाहनात कदापि वापरू नये. बॅटरी निघताच दाब एकाएकी उसळू शकतो व नियंत्रण-संगणक जळू शकतो.

जोडण्या, कॉइल व युनिट

वीज पोहोचत नसेल तर पहिला संशय जोडण्यांवर घ्यावा. पुण्याच्या पावसाळ्यात कपलरमध्ये ओल शिरते, पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, त्याने रोध वाढतो, रोधाने उष्णता वाढते व शेवटी प्लास्टिक वितळून काळे पडते. इंजिन गतीत ठेवून, मीटर दिष्ट दाबावर लावून, युनिटची धन तार व बॅटरीचे धन टोक यांमधील दाब मोजावा. तो एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा फार अधिक असेल तर वीज वाटेतच हरवते आहे. युनिटचे आवरण व बॅटरीचे ऋण टोक यांमध्येही हीच चाचणी करावी, कारण सैल अर्थिंगचा दोष डोळ्यांना दिसत नाही. येथे सापडलेला दोष पॉलिश पेपरच्या तुकड्याने व पान्याच्या दोन वळशांनी दूर होतो.

जोडण्या ठीक असतील तर कॉइलचा कपलर सोडवावा. तीन फेजच्या रचनेत तीन सारख्याच रंगाच्या, बहुधा पिवळ्या, तारा दिसतात. इंजिन बंद ठेवून त्यांपैकी कोणतीही तार व इंजिनचा धातू यांत जोडणी दिसता कामा नये. दिसल्यास वेटोळ्याचे आवरण जळले आहे. जुन्या, एका फेजच्या काही रचनांत मात्र एक टोक मुद्दामच अर्थ केलेले असते, तेथे हा नियम लावू नये. दोन-दोन तारांमधील रोध बहुधा एका ओहमहूनही कमी असतो व साधा मीटर तो नेमका दाखवीत नाही. म्हणून रोधापेक्षा दाबाची चाचणी अधिक बोलकी. इंजिन चालू करून, मीटर प्रत्यावर्ती दाबावर ठेवून, तिन्ही जोड्या मोजाव्यात. वाचने परस्परांशी जुळावीत व गती दुप्पट झाली की जवळजवळ दुप्पट व्हावीत. हा दाब ५० व्होल्टच्याही वर जाऊ शकतो, तेव्हा हात जपावा. थंड इंजिनावर निर्दोष वाटणारी कॉइल अर्ध्या तासाच्या फेरीनंतर दोष दाखवू शकते, यास्तव चाचणी गरम इंजिनावरही करावी.

कॉइल निर्दोष, जोडण्या स्वच्छ, तरीही दाब चढत नाही, अशा वेळी दोष युनिटकडे येतो. त्यातील डायोड मीटरच्या डायोड-चाचणीने पाहता येतात : एका दिशेने सुमारे अर्धा व्होल्ट व उलट दिशेने काहीच नाही, असे वाचन मिळावे. कॉइल व युनिट परस्परांना बिघडवू शकतात. म्हणून एक बदलताना दुसऱ्याची चाचणी टाळू नये.

सर्व निर्दोष, तरीही बॅटरी रिकामी

काही वाहनांत वरील प्रत्येक चाचणी योग्य उतरते आणि तरी बॅटरी टिकत नाही. अशा वेळी किल्ली बंद ठेवून ऋण तार सोडवावी व मधे मिलीअँपिअर मोजणारा मीटर जोडावा. मीटर जोडलेला असताना बटण मात्र दाबू नये. काही मिलीअँपिअरचा प्रवाह घड्याळासारख्या उपकरणांसाठी स्वाभाविक आहे. परंतु मागाहून बसविलेला सायरन किंवा मोबाइल चार्जर ५० मिलीअँपिअर ओढत असेल, तर ४ अँपिअर-तासांची बॅटरी ८० तासांत, म्हणजे सुमारे सव्वातीन दिवसांत रिकामी होते. दिवाळीच्या सुटीनंतर बंद पडलेल्या वाहनांचे कोडे पुष्कळदा येथेच सुटते.

शहरी प्रवासाची रीतही विचारात घ्यावी लागते. समजा, बटण दाबल्यावर ३ सेकंद ६० अँपिअर प्रवाह वाहिला, म्हणजे ०.०५ अँपिअर-तास वीज खर्च झाली. बॅटरीला १ अँपिअर प्रवाह मिळत असेल तर ही तूट भरून निघण्यास किमान तीन मिनिटे लागतात, प्रत्यक्षात थोडी अधिकच. मंद गतीला मात्र ३५ वॅटचा दिवाच जवळजवळ ३ अँपिअर घेतो, त्यात पंप, ब्रेकचा दिवा व सूचक दिवे यांची भर पडते. लक्ष्मी रस्त्यावर प्रत्येक दुकानापाशी थांबत, दर वेळी बटण दाबत जाणाऱ्या वाहनाचा जमाखर्च यंत्रणा पूर्ण निर्दोष असूनही तुटीचा ठरू शकतो. अशा वाहनाला नवी कॉइल नको असते. आठवड्यातून एकदा सलग अर्धा-पाऊण तास, मध्यम गतीने धावणे पुरते, आणि तेही जमत नसेल तर घरी लहान स्वयंचलित चार्जर लावणे पुरेसे असते.