१९३९ चा रुपया: ५८ की ६२?
ठाणे-डोंबिवलीतल्या नाणेप्रेमींनो, सहाव्या जॉर्जचा १९३९ चा दुर्मिळ रुपया समोर आला की वाद ठरलेला: एयू ५८ की एमएस ६२? वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. १९४० पासून ती निम्म्यावर आली.

नाण्यांच्या प्रतवारीच्या ७० गुणांच्या शेल्डन मापात ६० च्या खाली वापरलेलं, तिथून वर न वापरलेलं. पण राजाच्या गालावरचा सपाटपणा झिजेचा, की ठसाच हलका उमटला? दिव्याखाली नाणं तिरकं फिरवा. झळाळी उंचवट्यावरूनही सरकत गेली, तर बहुधा ठसा हलका. तिथेच तुटून राखाडी दिसली, तर झीज. माझा कौल कायम झळाळीला.

आणि कृपा करून चांदी घासू नका! घासलेल्या नाण्याला एनजीसी, पीसीजीएस या प्रतवारी संस्था अंकच देत नाहीत, नुसता ‘डिटेल्स’ शेरा मारतात. १९३८ मधला आठ कोरून नऊ केलेले रुपयेही फिरतात. भिंग जवळ ठेवा.