अंगावरच्या दुधाला ‘ड’ जीवनसत्त्वाची जोड
आईचे दूध बाळाचा सर्वोत्तम आहार असताना वरून थेंब कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण लिटरभर दुधात ‘ड’ जीवनसत्त्व साधारण 80 युनिटांहून कमी असते आणि बाळाची रोजची गरज 400 युनिटांची. ती न भागल्यास मुडदूस होऊ शकतो. ऊन मुबलक असले, तरी तान्ह्याच्या कोवळ्या त्वचेला ते सोसत नाही. मग आईनेच गोळी घेतली तर? 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आईने रोज 6,400 युनिटे घेतल्यावर बाळाची गरज दुधातूनच भागली. मात्र ही मात्रा नेहमीच्या शिफारशीच्या कितीतरी पट असल्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नको. म्हणून पहिले वर्षभर बाळाला रोज 400 युनिटांचे थेंब, हाच सोपा व खात्रीचा मार्ग.