प्रत्येक अडथळा कर्करोगाचा नसतो

घरातील ज्येष्ठांचे डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद व शौचाचा रंग पांढुरका झाला, अंगाला खाज सुटली, तर ‘साधी कावीळ’ समजून झाडपाल्यावर विसंबू नका. यकृतातील पित्त आतड्यात नेणारी पित्तनलिका अरुंद झाल्याची ही लक्षणे असू शकतात.

उतारवयात अशा वेळी पहिली शंका येते ती कर्करोगाची, आणि तिची शहानिशा व्हायलाच हवी. परंतु क्वचित कारण निराळेच निघते. १९५० च्या दशकात बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ बेंजामिन कॅसलमन यांनी वर्णिलेल्या दुर्मीळ विकारात लसिकाग्रंथी अवाजवी वाढतात. अशी गाठ यकृताच्या मुखाशी असल्यास ती पित्तनलिकेला बाहेरून दाबते. स्कॅनमध्ये ती कर्करोगासारखीच भासू शकते. खरा उलगडा होतो तो गाठीची बायोप्सी केल्यावर. सुईने घेतलेला नमुना कधी कधी अपुरा पडतो.

विकार एकाच ठिकाणी असेल, तर शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण काढल्यावर रुग्ण बहुधा बरा होतो. अनेक ठिकाणी पसरला असेल, तर औषधोपचार लागतात. दरम्यान दुर्बिणीद्वारे नलिकेत स्टेंट बसवून पित्ताला वाट करून देता येते.

म्हणून केवळ स्कॅनचा अहवाल पाहून ‘आता या वयात काय करायचे’ असे म्हणू नका. ‘बायोप्सीने निदान पक्के झाले आहे का?’ हे डॉक्टरांना अवश्य विचारा. मात्र काविळीसोबत थंडी वाजून ताप आला, तर तत्काळ रुग्णालय गाठा. तुंबलेल्या पित्तातील जंतुसंसर्गात विलंब जिवावर बेततो.